आधी थंडावा, मग बूस्ट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या अंकात टर्बो-सुपरचार्जरचेच, म्हणजे इंजिनात जादा दाबाने हवा (बूस्ट) भरणाऱ्या पंपांचेच प्रश्न घेतले आहेत. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या बेल्टवर.

प्रश्न : माझ्याकडे २०१६ची टोयोटा जीटी८६ आहे, सहा गिअरची मॅन्युअल. इंग्लंडहून कायमचं परत येताना सोबत आणली. तिकडे मजा यायची, इथे गाडीत दमच नाही असं वाटतं. ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या मधे तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही. वर्षातून दोन-तीनदा ट्रेलरवर टाकून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर नेतो, एरवी रविवारी लोणावळ्यापर्यंत. टर्बो बसवू की सुपरचार्जर? इंजिन उघडायची वेळ येऊ नये, एवढीच अट. – एक वाचक, बाणेर

उत्तर : लोणावळ्याचा विषय आधी संपवू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झालाच तर विमा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. तेव्हा एकदा बूस्ट चढवला की ही गाडी ट्रेलरवरूनच फिरणार. ते मान्य असेल तरच पुढे वाचा.

आता दम कुठे गेला ते बघू, कारण त्यातला काही भाग चोरीला गेलेला नसून हवेतच विरलाय. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. हवेचा दाब १०१ ऐवजी ९५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे ६ टक्के ताकद इथेच गेली. त्यात इंग्लंडची १५ अंशांची हवा आणि आपल्याकडची एप्रिलमधली ३८-४० अंशांची, त्याचे आणखी ४ टक्के. कागदावरच्या २०० अश्वशक्तीतल्या १८० उरल्या. वर या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ला १. अशा इंजिनात कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की ते अवेळी आपोआप पेटतं (नॉक), नॉक सेन्सर ओरडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. हे तपासायला गाडी उघडावी लागत नाही. स्कॅनरवर आयएएम नावाचा आकडा बघा, ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलंय ते तो सांगतो. तो १ असेल तर ठीक, ०.७ किंवा त्याखाली असेल तर गाडी पेट्रोलमुळे मरते आहे. ९९-१०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात ठरावीक पंपांवर मिळतं (इंडियन ऑइलने एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा ज्या दहा शहरांत आणलं त्यात पुणे होतं). दोन टाक्या त्यावर काढा आणि आकडा परत बघा.

३,५०० ते ४,५०० मधला खड्डा मात्र तुमच्या गाडीचा दोष नाही. तो सगळ्याच जीटी८६ना जन्मापासून आहे. इनटेक आणि एक्झॉस्टची लांबी वरच्या आरपीएमसाठी जुळवलेली, म्हणून मधे टॉर्क (ओढ) खचतो. यावर सुपरचार्जर हा महागातला इलाज झाला. चांगला हेडर (इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या) आणि त्यावर नीट केलेलं ट्यून (ईसीयूतली जुळणी), एवढ्यानेच खड्ड्याचा बराचसा भाग बुजतो. आमचा क्रम म्हणूनच असा : आधी पेट्रोल, मग हेडर आणि ट्यून, मग एक अख्खा ट्रॅक-दिवस. त्यानंतरही मन भरलं नाही तर बूस्ट.

बूस्टचे तीन रस्ते आहेत. इनटेक मॅनिफोल्डच्या जागी बसणारा रूट्स जातीचा सुपरचार्जर, ईटनचा टीव्हीएस १३२० वापरणारी किट्स या गटातली. पायाखाली लगेच टॉर्क, खड्डा गायब. पण उष्णता जास्त, आणि सगळा संसार इंजिनाच्या डोक्यावर बसलेला असल्याने ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत तो तापून बसतो. टर्बोचा टॉर्कही मधेच आणि धाडकन येतो, आणि या इंजिनाची दुखरी नस नेमकी तिथेच आहे. एफए२० इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड चाकांवर ३०० अश्वशक्तीच्या पुढे भरवशाचे नाहीत, आणि रॉड वाकवतो तो कमी आरपीएमवरचा मोठा टॉर्क, वरची ताकद नव्हे. तिसरा, सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, रोट्रेक्स किंवा व्होर्टेक वापरणारा. याचा बूस्ट आरपीएमबरोबर वाढत जातो, त्यामुळे रॉडवर घाव पडत नाही, आणि हवा त्यातल्या त्यात थंड राहते. खड्डा तो बुजवत नाही, पण ते काम हेडरने आधीच केलेलं असतं. तुमची अट इंजिन न उघडण्याची, वापर ट्रॅकचा. म्हणून सेंट्रिफ्यूगल, पुढे हवेवर चालणारा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा), आणि बूस्ट ०.४५ ते ०.५ बार. त्यापुढे नाही.

टर्बोच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट सोडून देणारी टर्बोची झडप, ठरावीक बूस्ट राखते, त्यामुळे उंचीवर टर्बो फारसा हरत नाही. सेंट्रिफ्यूगल मात्र बाहेरच्या दाबाला ठरावीक पटीने गुणतो. बाहेर ९५ असेल तर गुणाकारही ९५चाच. किटच्या खोक्यावर छापलेला बूस्ट पुण्यात गेजवर थोडा कमी दिसणार. तो कमी दिसतो म्हणून लहान पुली टाकायला सांगणारे भेटतील. टाकू नका. तीच गाडी पुढे चेन्नईच्या ट्रॅकवर, समुद्राच्या पातळीला नेलीत की दाब वाढलेला असेल आणि सुरक्षेसाठी ठेवलेली जागा संपलेली असेल.

उष्णतेचा हिशेब एकदा मांडूनच बघा, म्हणजे इंटरकूलरवर पैसे का घालायचे ते कळेल. बाहेर ४० अंश, दाब दीडपट, काँप्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हवा जवळपास ९८ अंशांनी बाहेर पडते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर ती ५७-५८वर आणतो. हेच गणित डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळी मांडलं तर इंटरकूलरनंतर हवा २८ अंशांवर. तीस अंशांचा फरक! डिसेंबरच्या सकाळी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) टायमिंग ताणून बसवलेली गाडी मे महिन्यात पिस्टन फोडते, ती अशी. ट्यून करायचं तर एप्रिल-मेमध्ये दुपारी करा, किंवा निदान ईसीयूच्या तापमान-सुधारणेच्या तक्त्यात ४५ अंशांच्या पुढे दर ५ अंशांना एखादी डिग्री टायमिंग मागे घ्यायला लावा.

इंधन. २६० अश्वशक्तीच्या आसपास ताकद धरली तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर ताशी सुमारे ६५ किलो पेट्रोल लागतं. नेहमीच्या पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, त्याला ८ टक्के जास्त लागतं, म्हणजे ७० किलो, सुमारे ९३ लिटर. चार सिलिंडरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला ३९० सीसी. या इंजिनात डायरेक्ट आणि पोर्ट असे दोन्ही इंजेक्टर आहेत. दोघांची मिळून क्षमता यापेक्षा १५-२० टक्के जास्त असायला हवी, आणि टाकीतला पंप त्यांना पुरणारा. ट्यून करताना हवा-इंधनाचा आकडा लॅम्डामध्येच, म्हणजे त्या पेट्रोलला योग्य असलेल्या प्रमाणाच्या तुलनेत वाचा. शुद्ध पेट्रोलला १४.७ योग्य, इथेनॉल २० टक्के असेल तर १३.५ योग्य, मग १२ हा आकडा चांगला की वाईट ते कसं ठरवणार? लॅम्डा दोन्हींना तोच. पूर्ण बूस्टवर ०.८० ते ०.८२ ठेवा.

ट्यून ज्या पेट्रोलवर झालं तेच टाकीत हवं. कोइम्बतूरला तोच ऑक्टेन मिळेल असं गृहीत धरू नका, आधी चौकशी करून निघा. टर्बो असेल तर हलक्या पेट्रोलसाठी बूस्ट उतरवता येतो. सुपरचार्जरचा बूस्ट पुलीने बांधलेला, तिथे फक्त टायमिंग मागे आणि आरपीएमची मर्यादा खाली, एवढंच हातात असतं. असा दुसरा मॅप ईसीयूत करून ठेवायला ट्यूनरला सांगा. ट्रॅकवर टाकी अर्ध्याखाली नेऊ नका. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरतं, पंप हवा ओढतो, आणि बूस्टवर क्षणभर पातळ झालेलं मिश्रण इंजिन फोडायला पुरेसं असतं.

काम सुरू करण्याआधी दोन चाचण्या : कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा किती गळते ते). सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. लीक-डाउनमध्ये एखादा सिलिंडर २० टक्क्यांच्या वर गळत असेल तर किट मागवूच नका, इंजिनालाच आधी काम लागलेलं आहे. पाठोपाठ मूळ अवस्थेतला डायनो-ग्राफ काढून ठेवा. तो नसला की नंतर ‘किती वाढलं’ यावर फक्त वाद होतात.

फिटिंगमधल्या ज्या गोष्टी हमखास राहून जातात त्या सांगतो. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर देणारा), गॅप ०.६ ते ०.७ मिमी. गॅप जास्त राहिला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि ६,०००च्या पुढे गाडी अडखळते, मग लोक उगाच कॉइल बदलत बसतात. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या घराची) वाफ इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बूस्टमध्ये उलटा वारा जाऊ देणार नाही असा हवा. नसेल तर क्रँककेस फुगतो आणि सीलमधून ऑइल बाहेर पडतं. दोन्ही बाजूंच्या हेडचे ब्रीदर (वाफ सोडणाऱ्या नळ्या) ऑइल अडवणाऱ्या कॅचकॅनमध्ये आणा. इनटेकमध्ये गेलेली ऑइलची वाफ पेट्रोलचं ऑक्टेन खाते. ऑइल कूलर लावाच, पण थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटवर, नाहीतर थंडीत ऑइल तापणारच नाही. ट्रॅकवर ऑइल १२० अंशांच्या वर गेलं की एक फेरी हळू मारा. ०डब्ल्यू-२० ऐवजी ५डब्ल्यू-३० भरा. रोट्रेक्स असेल तर त्याचं स्वतःचं वेगळं ट्रॅक्शन ऑइल आणि वेगळी टाकी असते. त्यात इंजिन ऑइल ओतलेलं चालत नाही, ओतणारे भेटतात म्हणून लिहावं लागतं. एअर फिल्टर बंपरच्या तळाशी आणू नका. जुलैत ट्रेलरवरून उतरवतानाचं एक डबकंही रॉड वाकवायला पुरतं.

बेल्टकडे स्वतः लक्ष ठेवा. वरच्या आरपीएमला बूस्ट चढायच्या ऐवजी पडायला लागला तर ट्यूनरकडे धावण्याआधी पुलीभोवती बोट फिरवा. बोटाला काजळीसारखी काळी भुकटी लागली तर बेल्ट घसरतोय. टेन्शनर आणि पुल्यांची रेषा तपासा. एक मिलिमीटरचा तिरकेपणाही बेल्ट खातो.

डायनोवर टायमिंग अपेक्षेपेक्षा ३-४ डिग्री मागून सुरू करून एकेक डिग्री वाढवायचं. टॉर्क वाढायचा थांबला किंवा नॉकची पहिली नोंद आली की दोन डिग्री मागे येऊन तिथेच सोडायचं. मग इंजिन गार न करता सलग तीन पुल (पूर्ण ॲक्सिलरेटरच्या धावा) घ्यायला लावा. तिसऱ्या पुलला इनटेकचं तापमान पहिल्यापेक्षा १५ अंशांहून जास्त चढलं तर इंटरकूलरला वारा मिळत नाही, किंवा खोलीतला पंखा शोभेचा आहे. दोन्हींपैकी कुठलं ते शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. नॉक, लॅम्डा, इनटेक तापमान, बूस्ट आणि इंधनाचा दाब या पाचही गोष्टींची नोंद फाइल म्हणून मागून घ्या.

एवढं सगळं करून गाडी थंडीत २६५च्या आसपास, मे महिन्यात २५० अश्वशक्ती देईल. सव्वाबाराशे किलोच्या गाडीला पुष्कळ आहे. क्लच पहिल्या वर्षात घसरेल, त्याचा खर्च आत्ताच धरून ठेवा. आणि ब्रेक फ्लुइड आधी बदला, साधं डॉट ४ नको, ट्रॅकसाठीचं जास्त उकळणबिंदूचं घ्या.

प्रश्न : ऑटोक्रॉससाठी ठेवलेल्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर एका गॅरेजमधून टर्बो बसवून घेतला. पळताना स्वच्छ, पण पॅडॉकमध्ये आयडलला उभी असली की निळा धूर मारते. टर्बो गेला म्हणून दुसरा टाकला. महिन्याभरात पुन्हा तेच. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन्ही टर्बो चांगले असण्याची शक्यता जास्त. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतो, पिस्टनसारख्या बारीक रिंगा असतात. आत आलेलं ऑइल खाली सहज पडत राहिलं तरच त्या ऑइल अडवतात. बेअरिंगच्या घरात ऑइल तुंबलं की ते टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि जळतं. आयडलला टर्बोत दाब नसतो, म्हणून धूर तेव्हाच दिसतो.

तेव्हा परतीची नळी बघा. आतला व्यास किमान १६ मिमी, १९ असेल तर उत्तम. ती टर्बोपासून संपपर्यंत (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीपर्यंत) सतत उताराची हवी. मधे होजला झोळ पडला असेल तर बेसिनच्या वाकड्या पाइपसारखं तिथे ऑइल साचतं. टर्बोचं ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा तिरकं नको. संपमधलं भोक ऑइलच्या पातळीच्या वर पाहिजे. पातळीखाली पाडलेलं असेल तर दहा टर्बो बदलले तरी धूर राहणार. आणि फ्लँज उघडाच. गॅस्केटबरोबर सढळ हाताने चोपडलेला सिलिकॉन आत फुगून बाहेर आलेला असतो, १९ मिमीच्या भोकातलं ८-१० मिमीच उघडं राहतं. नख लावून काढा, तो लाल-काळा गोळा अख्खा निघून येतो.

हे सगळं ठीक निघालं तर क्रँककेसचा दाब. आयडलला ऑइल फिलरचं झाकण उघडून तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी धरा. फुग्यासारखी फुगत राहिली तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात. खालून दाब असेल तर ऑइल खाली पडणार कसं? बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर ऑइल येणाऱ्या नळीत १ मिमीच्या आसपासचा रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी सोडणारं बारीक भोक) आहे का तेही बघा. साध्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोला तो सहसा लागत नाही, उलट लावला तर बेअरिंग कोरडं पडतं. टर्बो शेवटी तपासा : शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालेल, पण चाक घराला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर हललेला हाताला जाणवत असेल तरच तो गेला.

प्रश्न : ऑनलाइन अडीच हजाराला ‘इलेक्ट्रिक टर्बो’ मिळतो, एअर फिल्टरच्या पाइपमध्ये बसतो. १.२ लिटरच्या स्विफ्टला चालेल का? – एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तो पंखा आहे. १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३,६०० लिटर हवा मागतं. तिला फक्त ०.३ बार बूस्ट द्यायचा तर ३ किलोवॉट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे अडीचशे अँपिअर. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर शंभरच्याही आत. त्या पंख्याची वायर बघा, मोबाइल चार्जरची असते तेवढी. खरे इलेक्ट्रिक काँप्रेसर आहेत, ऑडी एसक्यू७ मध्ये होता, ७ किलोवॉटचा, आणि त्यासाठी गाडीत वेगळी ४८ व्होल्टची व्यवस्था करावी लागली. इनटेकमध्ये अडकलेला पंखा मात्र हवा अडवतो, आणि त्याचं पातं तुटलं की ते सरळ थ्रॉटलकडे जातं.

प्रश्न : माझी पोलो १.० टीएसआय कंपनीचीच टर्बो आहे. थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, हे खरं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : शहरात फिरून पार्किंगमध्ये शिरलात तर नाही, टर्बो तोवर गारच झालेला असतो. मुंबईहून बोरघाट जोरात चढून लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबलात तर हो, एक मिनिट. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह एकदम थांबला की बेअरिंगपाशी उरलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं. त्याहून सोपं म्हणजे शेवटचा किलोमीटर दीड-दोन हजार आरपीएमवर या. सकाळी उलटं : सुरू करून अर्ध्या मिनिटात निघा, पण ऑइल तापेपर्यंत, म्हणजे पहिली सात-आठ मिनिटं, बूस्ट मागू नका. इंजिनाचा काटा मधे आला म्हणून ऑइल तापलं असं समजू नका, तो पाण्याचा काटा आहे.